घट्ट झाकणाचा करंडा

परवा बेगम बाजारात लाकूड कातणाऱ्या एका खराद्याच्या दुकानापुढे ओल्या लाकडाचा वास आला आणि मला माझा साखरपुडा आठवला.

दिलसुखनगरात रंगीत टीव्हींची दुकानं निघत होती, ते दिवस. सगळं जग वस्तू विकत आणत होतं. मी मात्र नवरीसाठी कुंकवाचा करंडा स्वतः लेथवर करायला निघालो. ज्यांच्या दुकानात तो लेथ होता ते खरादी उस्ताद म्हणाले, "लकडी गीली है साब, सूखी तो सिकुडती. महिनाभर रुको." साखरपुडा आठ दिवसांवर आलेला. गार, ओलसर छिलके मनगटाला चिकटत होते. झाकण टपकन बसलं, तेव्हा मी उस्तादांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. कुंकू भरून करंडा आईकडे दिला.

साखरपुड्याला नवरी कपाळ पुढे करून बसली आणि वाळून आवळलेलं झाकण आईला उघडेना. काकांनाही उघडेना. नवरीचे वकील मामा म्हणाले, "जावईबापू, करंडा आणलात की तिजोरी?" शेवटी सासूबाईंच्या कोयरीतलं कुंकू लागलं. मी पाटावर घामाघूम.

परवा घरी येऊन बायकोला विचारलं, "तो करंडा अजून बंदच आहे, खराद्याकडून उघडून आणू का?"

"राहू द्या," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत तुम्ही पक्कं केलेलं तेवढं एकच काम आहे."