ताईबाईनं दाखवलेलं ऊन

ताईबाई मला कधीच आवडली नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून तिच्या कौतुकाची वाट पाहणार नाही.

जळगावच्या ज्या प्रयोगशाळेत माझी मुलगी कामिनी केळीच्या पेशींवर पीएच.डी. करते, तिथं ही बाई काचसामान धुवायची. वय पंचावन्नच्या पुढं, गाव भुसावळच्या अलीकडं, घरची तीन एकर केळी. नोकरीची गरज नव्हती. पण सून दिपमाला आणि ती एका स्वयंपाकघरात मावत नव्हत्या, म्हणून यंदा जानेवारीत नवऱ्यानंच, चुडामणभाऊंनी, ओळखीच्या कंत्राटदाराकडं तिचं नाव घातलं. रोजचे आठ तास घर शांत राहतं, असं ते तिच्यासमोरच सांगायचे.

तोंडाची फटकळ. कामिनीला पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा म्हणाली की ही शेतात नेली तर दुपारपर्यंत टिकायची नाही. मी डबा घेऊन गेले की विचारायची, पोरीला अजून भरवता का. कामिनी हसून सोडून द्यायची. मला ते जमलं नाही. मुलगी सव्वीस वर्षांची असली तरी मे महिन्यात तिचं जेवण दोनपर्यंत लांबतं, डोकं दुखतं, हे मला माहीत आहे.

कामिनीचा विषय उन्हाचाच. फ्लास्कमधल्या पातळ खाद्यात केळीच्या सुट्या पेशी वाढवायच्या आणि त्यांना उष्णतेचा ताण द्यायचा. उष्णता वाढली की पेशीतल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांत गुंततात. अशा वेळी पेशी रोजची कामं थांबवते, त्या कामांचे निरोप गाठोडी बांधून बाजूला ठेवते आणि घड्या सावरणारी वेगळी प्रथिनं करायला घेते. ती आधी तयार असतील तर पेशी मोठ्या झळीतूनही वाचते. म्हणून कामिनी काही फ्लास्क आधी दोन तास अडतीस अंशांवर ठेवायची, थोडी उसंत द्यायची आणि मग शेचाळीस अंशांत घालायची. दुसरे, निळ्या पट्टीचे, एसीच्या खोलीतून सरळ शेचाळीसमध्ये. पहिले जगायला हवेत, निळ्या पट्टीचे मरायला हवेत. आपल्या इथल्या वाणात ही तयारी किती तास टिकते, हे तिला मोजायचं होतं.

गेल्या वर्षी सगळं तसंच झालं. यंदा एप्रिलपासून निळ्या पट्टीचे मरेनात. तीनदा प्रयोग केला, तिन्ही वेळा दोन्हीकडच्या पेशी जिवंत. तिचे मार्गदर्शक प्रेमराज सर आधी चिडले, मग गोड बोलायला लागले, आणि ते जास्त वाईट होतं. गेल्या वर्षीचे आकडे कुठून आणले, असं त्यांनी चार जणांत विचारलं. चौथ्यांदाही असंच झालं तर जुने आकडे खोटे होते असं विद्यापीठाला कळवणार. कामिनी रडली तर म्हणाले, थोडा ताण चांगला असतो, तुझाच विषय आहे.

तिनं खाणं सोडलं. रात्री उठून मी तिच्या खोलीच्या दारात उभी राहायचे आणि श्वास ऐकून परत यायचे.

चौथ्या प्रयोगाच्या दिवशी, शनिवारी, मी डबा घेऊन गेले. कामिनी ग्रंथालयात होती. हात धुवायला मागच्या बाजूला गेले तर गॅलरीत ताईबाई बसलेली. समोर ओलं गोणपाट, त्यावर निळ्या पट्टीचे चार फ्लास्क, अर्धे उन्हात, अर्धे सावलीत. मी विचारलं, हे काय चाललंय.

"ऊन दाखवून राह्यली," ती म्हणाली. "केयीचं रोप आनलं की आपन लगेच रानात लावतो का? आधी सावलीत, मंग थोडं ऊन. तुमची पोरगी यायले एसीतून काढते अन् सरळ भट्टीत घालते. बाकीच्यायले तरी ते कोमट पानी करते. याहीनं काय पाप केलं?"

मला सगळं एकदम समजलं. एप्रिलपासून उकाडा वाढला आणि एप्रिलपासूनच ही जेवणाच्या सुट्टीत फ्लास्क बाहेर काढत होती. मी ओरडले. माणसं जमेपर्यंत तिनं फ्लास्क उचलून आत नेले होते. अडाणी बाई, माझ्या पोरीचं आयुष्य नासवलंस, असं मी बोलले, आणि त्यापेक्षाही वाईट. प्रेमराज सर आले तेव्हा फ्लास्क आत जागेवर होते आणि ताईबाई बाटल्या घासत होती. तिनं सरळ सांगितलं, मी काही केलं नही. सर मला म्हणाले, आईची साक्ष चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या गावी गेले. सासू-सुना गच्चीवर कापडांवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या, एकमेकींशी अक्षर न बोलता. चुडामणभाऊंनी पाणी दिलं. चहाचं कुणी विचारलं नाही. भर उन्हात मी तासभर उभी राहून विनवत होते. ताईबाईचा हात चालूच होता. शेवटचं कापड भरल्यावर ती म्हणाली की मी केलं ते सांगेन, पण पोरीसाठी सांगेन, तुमच्यासाठी नाही.

सोमवारी सरांनी तिचा जबाब टाइप करूनच ठेवला होता. विभागातले आणखी दोन प्राध्यापक बसले होते. ताईबाईनं कामिनीला कागद वाचायला लावला. 'माझ्या अडाणीपणामुळे व निष्काळजीपणामुळे' इथं तिनं हात वर केला. ते शब्द काढा म्हणाली. सर म्हणाले, हेच शब्द राहतील, नाहीतर जबाब नको. मी तिचा दंड धरला आणि सही कर म्हणून सांगितलं, दोन शब्दांनी तुझं काय जातं.

"तुमच्या शिकलेल्या पोरीले दीड महिना दिसलं नही मी काय करते ते," ती म्हणाली. "या साहेबाले नही दिसलं. मंग अडानी मी एकटीच का?"

एक प्राध्यापक हसले. सर लाल झाले. ताईबाई थांबली नाही. तिनं सांगितलं की आठ फ्लास्क घ्या, चार मी गॅलरीत नेते, चार कपाटाला कुलूप लावून आत ठेवा, संध्याकाळी सगळे भट्टीत घाला आणि उद्या बघा. बाकी दोघं तयार झाले, त्यामुळं सरांना नाही म्हणता आलं नाही. गॅलरीत त्या दुपारी एकोणचाळीस अंश होते. कामिनीनं तापमापक घेऊन तिच्या शेजारी बसून काढले ते दोन तास.

मंगळवारी पेशींना निळा रंग दिला. मेलेल्या पेशी तो पितात, जिवंत पेशी त्याला आत येऊ देत नाहीत. कुलपातल्या चारांत निळंच निळं. गॅलरीतल्या चारांत बहुतेक पेशी स्वच्छ. ताईबाईनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, दोन्हीकडच्या पेशी पाहिल्या आणि एवढ्यासाठी इतका तमाशा का, असं विचारून कामाला निघून गेली.

कामिनीचे जुने आकडे खरे ठरले. विद्यापीठाला पत्र गेलं नाही. आपलं काम झालं, असं मला वाटलं.

जूनमध्ये कंत्राटदाराची नवी यादी लागली तीत ताईबाईचं नाव नव्हतं. नमुन्यांना हात लावला, हे कारण. कामिनीनं संचालकांना पत्र लिहिलं, दोन पानी. गॅलरीच्या प्रयोगाची कल्पना ताईबाईची आहे, प्रबंधात तिचं नाव येईल आणि तिला कामावरून काढणं अन्याय आहे, असं त्यात होतं. प्रेमराज सरांची सही अजून प्रबंधावर व्हायची होती. हा माणूस काय करू शकतो ते मी एप्रिलपासून पाहिलं होतं. मी ते पत्र तिच्या बॅगेतून काढलं आणि फाडलं. आधी प्रबंध दे, मग हवी तितकी पत्रं लिही, असं सांगितलं. तिनं वाद घातला नाही. पुन्हा लिहिलं, आणि मला न दाखवता देऊन आली.

त्याचा उपयोग झाला नाही. सरांची सहीही अजून झालेली नाही. मी कामिनीला रोज विचारायचे, ती रोज नाही म्हणायची.

ताईबाई शेवटचा पगार घ्यायला आली होती. कामिनीला भेटली, तिच्या हातात बिबड्यांची पिशवी दिली. पत्र फाडल्याचं कामिनीनं तिला सांगितलेलं दिसतं.

"तुझ्या आईले सांग, मी गेली," ती म्हणाली. "आता निवांत झोप म्हना."

निरोप कामिनीनं जसाच्या तसा दिला. त्याला आज अकरा दिवस झाले. जेवायला वाढलं तर जेवते, पण माझ्याशी बोलत नाही.