काकांचं शेवटचं वाक्य

बावीस वर्षं मी आमच्या हौशी नाट्यसंस्थेची सूत्रधार आहे. नाटक कुठलंही असो, रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात उभं राहून प्रेक्षकांना गोष्ट सांगणारी बाई मीच. आवाज बरा, उच्चार शाळेत शिकवून शिकवून घासलेले, पाठांतर पक्कं. अभिनय मात्र येत नाही, असं आमच्या दिग्दर्शकाचं पहिल्याच वर्षी मत पडलं आणि मी ते मुकाट्यानं गिळलं. आता बावन्नची आहे. दीड तास एका जागी उभं राहिलं की गुडघे बोलायला लागतात. सूत्रधारालाही बसायला खुर्ची लागते, हे अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

खरं सांगू का, हौशी नाटकात सूत्रधार लागतो तो अडचणीपोटी. खाडी दाखवता येत नाही, सूत्रधार सांगेल. दहा वर्षं उलटलीत, सूत्रधार सांगेल. लेखकाला दोन प्रवेश जोडता येईनात, मग तर सांगेलच सांगेल. एकदा स्पर्धेत भावाचं काम करणारा नट कळंबोलीला ट्रॅफिकमध्ये अडकला आणि इकडे त्याची एन्ट्री आली. मी दोन पावलं पुढे झाले आणि म्हणाले, "भाऊ येणार होता. पण त्या दिवशी तो आलाच नाही." नाटक तसंच पुढे रेटलं. परीक्षकांना ती न आलेल्या भावाची कल्पना इतकी आवडली, की त्यांनी तिच्यावर पाच मिनिटं भाषण केलं. आम्ही माना डोलावल्या, दुसरं काय करणार!

झालं, तेव्हापासून संस्थेत रिवाजच पडला. कुणी अडलं की सूत्रधारानं उचलायचं. विंगेत वही घेऊन बसणारा माणूस बंद झाला. मी माझ्या वाक्यांसोबत सगळ्यांचीच वाक्यं पाठ करायला लागले. पोरं पाठांतर करेनाशी झाली. "ताई आहे ना," एवढं म्हटलं की त्यांचं काम झालं. मला याचा कंटाळा यायचा, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटायचा.

काका आमच्यातले सगळ्यात जुने नट. सत्तरी ओलांडलेली, उरणच्या बाजूच्या गावातले, नोकरीमुळे पनवेलला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मिठागरात काम केलेलं. दोन वर्षांपूर्वी दिग्दर्शकानं मिठागरावरच नाटक लिहिलं. जमीन प्रकल्पात जाते, हातात मोबदला येतो आणि एक म्हातारा आपल्याच अंगणात परका होतो, अशी गोष्ट. म्हातारा अर्थात काका. दिग्दर्शक पुण्याचा, त्यानं सगळं शुद्ध मराठीत लिहिलेलं. पहिल्याच वाचनाला काकांनी चष्मा काढून ठेवला. "असा पुस्तकी बोललो त माजा बापूस वरून उतरून मारंल मना," म्हणाले. मग त्यांनी स्वतःचे संवाद आपल्या बोलीत करून घेतले. शेवटच्या प्रवेशातली अगदी शेवटची दोन वाक्यं तर त्यांनी स्वतःच लिहिली. ती दिग्दर्शकानं एक अक्षरही न बदलता ठेवली.

तालमी संध्याकाळी आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये व्हायच्या. तिसऱ्या आठवड्यात काका अडखळायला लागले. आधी एखादा शब्द, मग अख्खं वाक्य. एकदा तर प्रवेशाच्या मध्येच थांबून त्यांनी मला विचारलं, "आता कुठला नाटक चाललाय?" पोरं हसली, त्यांना वाटलं काका मस्करी करताहेत. मी हसले नाही. माझ्या आईचं विसरणंही असंच सुरू झालं होतं.

त्या दिवशी तालीम संपल्यावर ते माझ्यासोबत चहाच्या टपरीपर्यंत आले. "बाय," म्हणाले, "डोक्यात ऱ्हात नाय आता. ह्यो शेवटचा हाय माजा. पोरगा येनार हाय बघाया, पयल्यांदा." त्यांचा मुलगा उरणजवळ द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर. बापाची नाटकं म्हणजे रिकामटेकडे उद्योग, असं त्याचं चाळिशीपर्यंत मत. काका चहाचा पेला नुसता धरून उभे होते. "मधला काय बी इसरलो त तू सांभाल. पन शेवटचा बोलना मना सोता बोलायचा हाय. ते बोललो ना, मंग बास. मंग मी सुटलो."

आम्ही ठरवून टाकलं. ते गप्प झाले की मी मनात तीन मोजायचे. तीनपर्यंत आवाज आला नाही, तर "म्हातारा म्हणाला" असं करून मी पुढचं वाक्य उचलायचं. तालमीत हे इतकं बेमालूम जमलं, की दिग्दर्शक खूश! म्हातारा आणि सूत्रधार एकच गोष्ट दोघांत मिळून सांगतात, असं म्हणून त्यानं ते नाटकातच घालून टाकलं. शेवटच्या वाक्यांचं काय करायचं, हे आम्ही दोघं वेगळं बोललोच नाही. तालमीत ती वाक्यं ते कधीच विसरले नव्हते ना, म्हणून.

स्पर्धेचा प्रयोग दुपारचा होता, पनवेलच्याच नाट्यगृहात. बऱ्यापैकी गर्दी. मुलगा तिसऱ्या रांगेत, कंपनीच्या शर्टातच आलेला, शेजारी बायको. काका पहिल्या अर्ध्या तासात दोनदा अडले आणि मी दोन्ही वेळा उचललं. कुणाला काही कळलं नाही. माझे पाय भरून आले होते आणि डोक्यात एकच धोशा होता: आता संपू दे बाई एकदाचं.

शेवटचा प्रवेश आला. काका मधोमध जमिनीवर बसले, पाय लांब करून. तळव्यांवरून हात फिरवला. "पैसा मिलला," म्हणाले. "कागद मिलला." आणि थांबले.

एक. दोन. तीन.

सभागृहात कुणी खोकतही नव्हतं. समोरच्या विंगेतून दिग्दर्शक मला हातानं खुणावत होता, बोल, बोल. मी पुढे झाले आणि बोलले. "म्हातारा म्हणाला, पण आता सकाळी पायाला मीठ लागत नाही. मग जीव कुठे लावायचा?" स्वच्छ, ठणठणीत, वर्गात फळ्यासमोर उभं राहून बोलावं तसं. काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलेलं होतं. मग ते मिटलं आणि ते खाली बघत राहिले. दिवे मंदावले. टाळ्यांचा कडकडाट झाला, लोक उभे राहिले.

मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकते. वाचवलं बाई नाटक, असंच मनात होतं. दिग्दर्शकानं पाठ थोपटली. एक परीक्षक तर आत येऊन म्हणाले, शेवटी म्हाताऱ्याचा आवाजच संपतो आणि सूत्रधार त्याचं वाक्य बोलतो, केवढा विचार आहे यात! कपाळ माझं, विचार कसला.

मेकअप रूममध्ये काका आरशासमोर बसून खोबरेल तेलानं चेहरा पुसत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, निभावलं बघा सगळं," मी म्हणाले. त्यांनी आरशातूनच माझ्याकडे बघितलं.

"मना आठवत व्हता, बाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "थांबलो व्हतो मी. पोराकडं बघत व्हतो. त्याचे डोले भरलेले दिसले, म्हनून थांबलो. आता बोलनारच व्हतो."

मी आजवर कितीतरी जणांची वाक्यं बोलले, पण असं माणसाच्या तोंडचं कधी काढून घेतलं नव्हतं. तेही माझ्या शाळेतल्या मराठीत, त्यांच्या 'नाय'च्या जागी 'नाही' लावून. सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून त्यांचा मुलगा आत आला. मागून दिग्दर्शक आणि आमची चार-पाच पोरं. मुलाचे डोळे खरंच लाल झालेले. तो वाकून बापाच्या पाया पडला आणि मग माझ्याकडे वळला.

"मॅडम, थँक्यू हां," तो म्हणाला. "बाबा शेवटी विसरले ना? तुम्ही होतात म्हणून इज्जत राहिली."

काका माझ्या आधी बोलले. "हां, इसरलो," ते म्हणाले. "बाय व्हती म्हनून वाचलो." आणि परत आरशाकडे तोंड करून कानामागचा रंग पुसायला लागले.

तुमचे बाबा विसरले नव्हते, चूक माझी झाली, एवढंच सांगायचं होतं. मुलगा माझ्याकडे बघत उभा होता. दिग्दर्शक बघत होता, पोरं बघत होती, सगळ्यांच्या चेहऱ्यावर माझं कौतुक. मी हसले.

"अहो, त्यात काय एवढं," मी म्हणाले.