उज्ज्वलाच्या छपरासाठी: खालापूर ते कळंब

माझी मैत्रीण उज्ज्वला दहिवलीत मसाल्याचा कारखाना चालवते. वर ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे जुने पत्रे, त्यामुळे दुपारी आत उभं राहवत नाही. माल घेणाऱ्या कंपनीनं तिला कळवलं, पर्यावरणाच्या निकषांत बसणारं छप्पर दिवाळीआधी हवं, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे जाईल. म्हणून एका शनिवारी आम्ही दोघी माझ्या गाडीनं छपरं बघायला निघालो.

पळसदरीवरून खोपोलीकडे जाणारा रस्ता सकाळी मोकळा मिळतो. खालापूरजवळच्या एका गोदामावर ऊन परतवणारे पांढरे पत्रे होते. आत खरंच गार वाटलं.

"ताई, सगळ्या निकषांत बसतं," ते बसवणारा ठेकेदार म्हणाला. "जुनं उतरवून आठवड्यात नवं चढवतो."

"जुने पत्रे कुठं जातात?" उज्ज्वलानं विचारलं.

"ते आमी बघतो. तुमी टेन्शन नका घेऊ."

तिला काम पसंत पडलं. संध्याकाळी फोन करून पक्कं करते, म्हणाली.

परतताना पाय मोकळे करायला एका ओढ्यापाशी थांबलो. काठावर फुटक्या सिमेंटच्या पत्र्यांचा ढीग होता. शेजारी एक मावशी म्हशींना पाणी पाजत होत्या.

"हे कुणी टाकलं, मावशी?" मी विचारलं.

"टेंपो येतो नि टाकून जातो. विचारलं तर म्हनतात, कचरा हाय, काय व्हतंय."

उज्ज्वला ढिगाकडे बघत राहिली. "याची धूळ छातीत बसते गं," एवढंच म्हणाली.

कळंबला ज्या रिसॉर्टवर जेवायचं ठरलं होतं, तिथं जुनी कौलं धुऊन पुन्हा वापरलेली. भाकरी आणि वालाचं बिरडं झकास. सुट्टीच्या दिवशी आधी फोन करून जा. मालकांनीही सिमेंटचे पत्रे काढले होते. पाणी मारून, न फोडता उतरवायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी पाठवायचे, त्यांनी सांगितलं. परवानगीला मात्र वेळ लागतो.

"दिवाळी हुकेल," मी म्हटलं.

"हुकू दे."

तिथूनच तिनं ठेकेदाराला नकार कळवला.

कंपनी थांबली नाही. मोठी ऑर्डर गेली, दिवाळी तिनं किरकोळ विक्रीवर काढली. परवानगी मिळून जुने पत्रे रीतसर गेले नि नवं छप्पर माघात चढलं. मी घरी हे लिहायला बसले तेव्हा तिचा फोन आला. आता बाया भरदुपारीही आत बसून मिरच्या निवडतात, म्हणाली.

"ऑर्डरीचं वाईट वाटतं का गं?" मी विचारलं.

"वाटतं की. पण माझे पत्रे कुठं पडलेत, हे मला कुणाला विचारावं लागत नाही."