तेराताईंचा भागाकार

आमच्या लॅबमधलं मशीन मिनिटभरात रक्ताचे वीस आकडे छापून देतं. तरी लहान मुलाचा रिपोर्ट आला की आमच्या ताई रद्दी कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं भागाकार करणारच. तांबड्या पेशींचा आकार भागिले त्यांची संख्या. उत्तर तेराच्या वर की खाली, एवढंच त्यांना हवं असतं. म्हणून त्या तेराताई. हे नाव मी ठेवलं, आणि त्यांना ते ठाऊक असल्यामुळे स्टेपल मारायचं काम कायम माझ्या गळ्यात असतं.

"लोह कमी पडलं की पेशी बारीक होतात आणि संख्येनंही घटतात," त्या मला समजावतात. "पण काही घरांत पेशी जन्मतःच बारीक, आणि चिक्कार. तिथे लोहाचं औषध पाजून काय होणार? उत्तर तेराच्या वर आलं तर बहुधा लोह कमी, खाली आलं तर बहुधा घराण्याचा वारसा."

एकदा चार वर्षांची एक मुलगी आई आणि आजीबरोबर आली. सहा महिने औषध घेऊनही हिमोग्लोबिन जागचं हललं नव्हतं. मुलगी मात्र खुर्च्यांवरून उड्या मारत होती.

"पाजलं तर फरक पडेल ना," आजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "ही बेसिनमध्ये ओतत असणार."

"आई, शप्पथ, एक दिवस चुकवला नाही," सून रडवेल्या आवाजात म्हणाली. मला असा संताप आला की मी तोंड उघडलंच होतं, पण ताईंनी माझ्या पायावर पाय दिला.

बासष्ट भागिले साडेपाच. सव्वाअकरा. ताई कागद घेऊन तडक डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी औषध थांबवलं, मुलीचं लोह तपासलं, आणि तिच्यासकट आईबापांच्या हिमोग्लोबिनची वेगळी चाचणी करायला सांगितली.

आठवड्यानं निकाल आले. लोह भरपूर होतं. बारीक पेशी बापाकडून आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, फक्त पुढे हिचं लग्न ठरवताना जोडीदाराचं रक्त तपासून घ्या; दोघांकडेही हे असलं तर मूल आजारी होऊ शकतं.

"माझ्या मुलाला हे त्याच्या वडिलांकडूनच आलं असणार," आजींनी जाहीर केलं आणि ते सिद्ध करायला स्वतःचाच हात पुढे केला. ताईंनी रक्त घेतलं, मशीन फिरलं, पेन्सिल चालली. उत्तर बाराच्याही आत.

आजींनी तो कागद हातात घेतला.

"मलाही लहानपणी असंच औषध होतं," त्या हळूच म्हणाल्या. "मी रोज बेसिनमध्ये ओतायचे. म्हणून वाटलं, हीही ओतते." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "चुकलं माझं."

सुनेला आधी हसू आलं, मग रडू. "आई, मलाही ओतावंसं वाटायचं. इतकी रडायची हो ती. तुमच्या धाकानं पाजत राहिले."

आजींनी नातीला मांडीवर घेतलं आणि पदरानं सुनेचे डोळे पुसले. ताईंनी भागाकाराचा कागद माझ्याकडे सरकवला, आणि मी तो मुकाट्यानं स्टेपल केला.