अठरा इंची की एकोणीस

स्टुटगार्टला आल्यावर सहाव्या वर्षी मी एक जुनी पण दमदार स्पोर्ट्स कार घेतली. तिची एकोणीस इंची चाकं मला फार आवडली होती. ऑक्टोबरात हिवाळी टायर घ्यायची वेळ आली, तेव्हा तसलीच मोठी, काळी चाकं घ्यायची असं ठरवूनच मी टायरवाल्याकडे गेलो. सोबत सासरे होते. ते तीन महिन्यांसाठी आले होते आणि घरात बसून कंटाळले होते. कराडला त्यांनी तीस वर्षं ट्रकचे टायर रिमोल्ड करायचं वर्कशॉप चालवलं होतं.

टायरवाला साठीचा होता. गाडीचे कागद बघून म्हणाला, "हिवाळ्याला अठरा इंची घ्या. टायर जरा अरुंद, रबराची बाजू उंच. बर्फातही बरं, खड्ड्यातही."

"आणि दिसायला?"

"दिसायला एकोणीस."

सासऱ्यांना जर्मन येत नव्हतं. मी भाषांतर करायच्या आत ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि फटीतून बोटं घालून ब्रेकचा कॅलिपर चाचपू लागले. आणखी लहान चाक बसेल का हे ते बघताहेत, हे ओळखून टायरवाल्यानं आतून सतरा इंची रिम आणली, आमचं चाक काढून ती लावून दाखवली. ती कॅलिपरला घासली, फिरेना. मग अठरा इंची लावली. बोट जाईल एवढी फट राहिली.

"गेनाऊ," टायरवाला म्हणाला.

"बरोब्बर," सासरे म्हणाले. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, मला एकोणीसच हवीत."

"गाडी तुमची, जावईबापू. पण मागे मी नातीला घेऊन बसतो."

मी अठरा इंची घेतली, मनापासून नाही. पुढचे काही दिवस गाडी लावून निघताना मी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. वळणावर ती जरा मऊ वाटायची, तेही मला खुपायचं.

डिसेंबरात एका सकाळी मुलीला किंडरगार्टनला सोडायला आम्ही तिघं निघालो. रात्रभर बर्फ पडला होता. आमच्या गल्लीचा उतार तीव्र आहे. खालच्या वळणावर एक डिलिव्हरी व्हॅन घसरून रस्त्यात आडवी उभी होती. मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरलं, गाडी सरळ रेषेत रखडत गेली आणि व्हॅनच्या दोन हात अलीकडे थांबली.

मागून मुलगी ओरडली, "नोखमाल!"

"काय म्हणतेय?" सासऱ्यांनी विचारलं.

"पुन्हा कर म्हणतेय."

"नको म्हणावं," ते म्हणाले. मफलर गुंडाळून ते खाली उतरले आणि व्हॅनवाल्याबरोबर व्हॅन ढकलू लागले. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. ते सोडवून मी त्यांच्या मदतीला जाईपर्यंत व्हॅन सरळ झाली होती.