सांगून न येणारी यमुना

यमुना आमच्या घरी पहिल्यांदा आली ती चुकून. भर दुपारी दार ढकलून ती आत शिरली, दप्तर भिंतीशी भिरकावलं, सरळ स्वयंपाकघरात गेली, उजव्या कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून गटागटा पाणी प्यायली आणि मागे वळूनही न बघता म्हणाली, "बेबी, बाबा उठले का वो?"

आई शेगडीपाशी पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं हातातच राहिलं. यमुनाने आधी आईकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे, मग भिंतीवरच्या आमच्या कॅलेंडरकडे.

"हे तं आमचं घर नोहोय," ती म्हणाली.

दुसरी कुणी असती तर लाजून पळून गेली असती. हिने उरलेलं पाणी संपवलं, पेला विसळून पालथा घातला आणि आईला म्हणाली, "पण काकू, तुमचं पाणी लय थंडं हाय. आमच्या माठाले हे जमतच नाई." आईला हसू आवरेना. तिने तिला तूप-गुळाची पोळी गुंडाळून दिली. ती खात खात यमुना आपल्या घरी गेली, आणि दप्तर आमच्याकडेच विसरली.

तशी चूक तिची एकटीची नव्हती. भिलाईचा कारखाना उभा राहत होता आणि त्याच्याबरोबर कामगारांच्या वस्तीचे सेक्टरही. एका साच्यातून काढावेत तसे क्वार्टर. तोच पिवळा रंग, तेच दार, तीच खिडकी, आणि ओळखीला म्हणून लावलेली झाडं अजून गुडघ्याएवढीही नव्हती. नाईट करून आलेले लोक पहाटे भलत्याच घरची कडी वाजवायचे. आमचं घर ओळखू यावं म्हणून आईने दारात तुळस लावली, तर त्या आठवड्यात अख्ख्या ओळीने तुळशी लावल्या. तेव्हा चुकायचे सगळेच. पण बाकीचे एकदोनदा चुकून शहाणे झाले. यमुना नाही झाली. पुढे पुढे ती चुकून येते की मुद्दाम, हे विचारायचंही आम्ही सोडून दिलं.

आम्ही दोघी एका वर्गात, दोघी पंधराच्या आतबाहेर. आम्ही रायपूरचे जुने मराठी लोक. वडील कारखान्याच्या ऑफिसात, जनरल शिफ्टला, म्हणजे बारा महिने दिवसाचीच ड्यूटी. मी म्हणजे आखीव-रेखीव कारभार. रात्रीच दप्तर भरायची, वेणीच्या रिबिनी घडी करून उशीखाली ठेवायची, पुस्तकांना कव्हरं, पेन्सिलींना टोकं. यमुनाचे लोक भंडाऱ्याकडचे. थोडीशी शेती भावांवर सोपवून तिचे वडील इथे भट्टीवर कामाला लागलेले. आई नव्हती, धाकट्या बहिणीला, बेबीला, तीच सांभाळायची. एका वेणीला लाल रिबीन आणि दुसरीला निळी, भूगोलाच्या तासाला इतिहासाचं पुस्तक, आणि शाळेच्या वाटेवर कुठे नवा खड्डा खणलेला दिसला की आत काय आहे ते पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. मी ओरडायची, "यमे, घंटा होईल!" ती खड्ड्यातूनच उत्तर द्यायची, "होऊ दे ना वो. येळ आली का सुचते बरोबर."

येळ आली का सुचते. हे तिचं ब्रह्मवाक्य. मला ते ऐकलं की अंगावर काटा यायचा. माझं सगळं वेळ यायच्या आधीच सुचून, करून, घडी घालून ठेवलेलं असायचं.

पण मॅट्रिकच्या वर्षी गोष्ट थट्टेची राहिली नाही. तिची आत्या तुमसरकडून दर दोन-चार महिन्यांनी यायची, तिच्याकडे न्याहाळून बघायची आणि भावाला म्हणायची, "पोरगी मोठी झाली, दे आता माह्या घरी." आत्याचा मुलगा वाईट नव्हता म्हणे. पण यमुनाला नर्स व्हायचं होतं. आई गेली तेव्हा दवाखान्यात एका नर्सबाईने तिला रात्रभर मांडीवर घेतलं होतं. तेव्हापासून ते तिच्या मनात होतं. वडिलांनी दोन्हीकडची बाजू राखून निकाल दिला: "पास झाली तं नागपूरले शिकाले धाडतो. नापास झाली तं आत्याच्या घरी देतो. माहा शब्द म्हंजे शब्द." आत्या निर्धास्त होती. यमुना पास होईल असं वर्गात कुणालाच वाटत नव्हतं, मलाही.

म्हणून मी तिला टाइमटेबल करून दिलं. जाड पुठ्ठ्यावर, दोन रंगांच्या शाईत. पहाटे पाठांतर, संध्याकाळी गणित, मध्ये स्वयंपाक, बेबीचा अभ्यास, सगळं चौकटीत बसवलेलं. तिने ते अगदी भक्तिभावाने देवांच्या तसबिरींशेजारी टांगलं. आठवडाभर पाळलंही. पुढच्या सोमवारी संध्याकाळी मी तपासणीला गेले, तर दार बंद आणि यमुनाचा पत्ता नाही. माझा संताप संताप झाला. शोधत शोधत ओळीच्या टोकाशी आले. तिथे गटाराच्या कामासाठी आणलेले सिमेंटचे मोठाले पाइप पडले होते. एका पाइपातून इतिहासाच्या सनावळ्या घुमत बाहेर येत होत्या. आत यमुना पाय पसरून मोठ्यांदा वाचत होती, आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून बेबी झोपली होती.

"हे काय? ही वेळ गणिताची आहे," मी म्हणाले.

"बाबाची नाईट लागली ना वो आजपासून. ड्यूटीले जायच्या आधी ते झोपते. घरात भांडं वाजलं नाई पाह्यजे. आन् मले तं मोठ्यानं वाचल्याबिगर ध्यानातच राहत नाई." मग बेबीच्या केसांवरून हात फिरवत ती म्हणाली, "तुह्या घरी रोज एकच दिवस उगवते, पुष्पे. आमच्या घरी हप्त्या-हप्त्यानं दिवसाची रात्र होऊन राहते. तुह्यं टाइमटेबल लय चांगलं हाय. पण ते जनरल शिफ्टचं हाय."

मी तिथेच पाइपाच्या कडेवर बसले. पहिल्या पाळीच्या आठवड्यात ही पहाटे चारला उठून डबा करते, दुसऱ्या पाळीत वडील घरी येईपर्यंत अन्न गरम ठेवून जागते, आणि नाईटच्या आठवड्यात घरात मांजरीसारखी वावरते. दप्तर रात्री भरून ठेवायला तिची रात्र होती कुठे? रिबीन हाताला लागेल ती. मी जिला गबाळेपणा म्हणत होते तो असा होता. त्यानंतर मीही रोज त्या पाइपात जाऊ लागले. बाहेर चटके बसायचे, आत बरं वाटायचं. मी गणित समजावायची. ती ते मोठ्यांदा म्हणायची आणि पाइप ते पुन्हा आम्हाला ऐकवायचा. संध्याकाळी भट्टीकडचं आभाळ लाल झालं की ती पुस्तक मिटून बघत राहायची. "बाबा तिथं हाय," असं बेबीला दाखवायची. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी बसून अभ्यास केला, पण इतकी सुखी कुठेच नव्हते.

परीक्षेचं केंद्र दुर्गला होतं. पहिल्याच दिवशी मी वेळेच्या कितीतरी आधी स्टॉपवर हजर. दोन पेनं, शाईची दौत, पट्टी, रुमाल, दही-साखर खाऊन. यमुना धापा टाकत आली, हाताला पीठ तसंच. आणि बस आलीच नाही. मध्ये कुठे बंद पडली म्हणे. दुसरी कधी, कुणाला माहीत नाही. उन्हं वर यायला लागली. बस चुकली तर काय करायचं, एवढी एकच गोष्ट मी योजून ठेवलेली नव्हती. मी चक्क रडायला लागले.

"रडतं कावून? थांब," यमुना म्हणाली आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

समोरून रशियन लोकांची बस येत होती. कारखाना उभारायला आलेले इंजिनिअर आणि त्यांच्या बायका त्या बसमधून हिंडायच्या. आमच्यासारख्यांनी ती फक्त लांबून पाहायची. ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला आणि खिडकीतून ओरडला, "ए लड़की, मरना है क्या? ये तुम लोगों की बस नहीं है!" यमुनाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती खिडकीशी बसलेल्या एका लठ्ठ, रुमाल बांधलेल्या बाईंपाशी गेली. स्वतःच्या तळहातावर बोटाने खसाखसा लिहून दाखवलं, माझ्याकडे बोट करून डोळे पुसून दाखवले, दुर्गच्या दिशेने हात केला, आणि वडिलांकडून शिकलेला एकुलता एक रशियन शब्द, 'ठीक आहे' अशा अर्थाचा, शेवटी फेकला: "दुर्ग! पेपर! हाराशो?"

बस हसली. त्या बाई ड्रायव्हरला काहीतरी ठणकावून म्हणाल्या आणि दार उघडलं. आम्ही गुबगुबीत सीटवर बसून परीक्षेला गेलो. बाईंनी माझे डोळे स्वतःच्या रुमालाने पुसले आणि यमुनाच्या हाताचं पीठ झटकलं. उतरताना यमुना माझ्या कानात म्हणाली, "पाह्यलं? येळ आली का सुचते."

निकाल लागला. मी फर्स्ट, ती थर्ड. "थर्ड तं थर्ड, पास तं पास!" म्हणत ती ओळीतल्या प्रत्येक घरात शिरली, आणि त्या दिवशी एकाही घरात चुकून नव्हे. वडिलांनी शब्द पाळला. बेबीसाठी गावाहून आजी आली, आणि नागपूरचं ठरलं.

तिच्या निरोपाचा बेत अर्थात मी आखला. रविवारी जेवण, शिरा, तिच्या नावाचा भरतकाम केलेला रुमाल. गुरुवारी मी कॉलेजातून घरी आले तर आई म्हणाली, "यमुना गेली गं. गावचं कुणी नागपूरला निघालं होतं, त्यांच्या सोबतीनं. उभ्याउभ्या पाणी पिऊन गेली. म्हणाली, पुष्पाले सांगा, चिठ्ठीबिठ्ठी मले जमत नाई, मी येईनच. सांगून थोडीच येईन!"

मी त्या दिवशी जेवले नाही.

पुढे वडिलांना मोठा क्वार्टर मिळाला, आम्ही दुसऱ्या सेक्टरमध्ये गेलो. यमुनाचे वडील नोकरी सोडून गावाकडे परतले. माझं लग्न भिलाईतच झालं. एकदा माहेरी गेले असता आई सुपेल्याच्या बाजारातून आली ती भाजीची पिशवी खाली न ठेवताच सांगू लागली. आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये आता राहणाऱ्या पंजाबी बाई तिला भेटल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बहनजी, महीना हुआ, एक नर्स आई थी. सीधी रसोई में घुस गई, मटके से पानी पिया, और बोली, काकी, पुष्पा कॉलेज से आई क्या? फिर मुझे देखा तो हँसते-हँसते बैठ गई."

नवा पत्ता त्या बाईंना ठाऊक नव्हता. फक्त सेक्टर ऐकून माहीत होता, तेवढा त्यांनी सांगितला. यमुना म्हणाली होती, कोई बात नहीं, ढूँढ लूँगी. आणि भर उन्हात निघाली होती.

जन्मात एकदा ती बरोबर घरात शिरली, आणि नेमके आम्हीच तिथे नव्हतो.

आमच्या यांनी नागपूरला चौकशी केली. ट्रेनिंग संपवून ती कुठल्याशा खेड्यातल्या दवाखान्यात गेली होती. खेड्याचं नाव कुणालाच धड सांगता येईना. त्या दुपारी आमच्या सेक्टरमध्ये ती किती दारं ढकलून आत गेली असेल, किती माठांचं पाणी प्यायली असेल, हे मला अजून कधीकधी दिसत राहतं.

आता आमचं स्वतःचं घर आहे, भिलाईतच, रुआबांध्याला. घरात फ्रिज आहे, तरी स्वयंपाकघराच्या उजव्या कोपऱ्यात मी माठ ठेवते आणि रोज सकाळी तो धुऊन भरते. दुपारी पुढच्या दाराला कडी लावत नाही. माझ्यासारख्या शिस्तीच्या बाईला हे शोभत नाही, असं सुनेचं म्हणणं.

"आई, कडी लावा ना. कुणीही आत शिरेल," ती म्हणते.

"शिरू दे," मी म्हणते.