पेशीमास्तरांचा सातवा भाग

पेशीमास्तर डूख धरत आणि वर्षानुवर्षं सांभाळत. गावच्या न्हाव्यानं एकदा त्यांच्या मिशीचं एक टोक जास्त कापलं, तर पुढची सहा वर्षं ते दाढी-कटिंगला कामरगावला जात. मी त्यांच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागलो, ती पन्नास सालानंतरची गोष्ट. गावात करमणूक अशी नव्हतीच; मास्तरांचे राग होते.

पेशी मात्र ते अशी शिकवत, की मोकळा तास असला की मी खिडकीशी जाऊन उभा राही. भित्तिका आकार धरून ठेवते, आवरण आत कोणाला घ्यायचं ते ठरवतं, जीवद्रव्यात सगळा कारभार चालतो, केंद्रक हुकूम सोडतं, रिक्तिका पाणी साठवते, हरितकण उन्हात रांधतात. शेवटी म्हणत, "पोरंहो, रिकामं बसलेलं आतमंदी कोनीच नाही."

पचनसंस्थेवरची त्यांची वही हेडमास्तरांनी वाचायला म्हणून नेली आणि अमरावतीहून पुस्तक छापून आणलं. वर नाव स्वतःचं. मास्तरांना पैसा नको होता, त्या मुखपृष्ठावर आपलं नाव हवं होतं. मी संतापून मास्तरांच्या खोलीवर गेलो. मास्तर एवढंच बोलले, "थांबा. अजून पेशी बाकी हाय."

पेशीची वही त्यांनी महिनाभर टेबलावर उघडी टाकली. अपेक्षेप्रमाणे हेडमास्तरांनी ती नेली आणि छापून आणली. पुस्तकात सहाच्या जागी सात भाग होते. सातवा शोषपुट: 'हा स्वतः काही करत नाही. इतरांनी तयार केलेलं आयतं खातो आणि केंद्रकाशेजारी फुगून बसतो.' असा भाग जगात कोणी पाहिलेला नाही. पोरांचं नुकसान नको म्हणून मास्तरांनी वर्गातल्या प्रत्येक प्रतीतला तो मजकूर खोडून घेतला.

तपासणीला आलेल्या साहेबांच्या हाती मात्र न खोडलेली प्रत होती. मास्तरांनी कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला, आयोडीनचा थेंब टाकला. साहेब हेडमास्तरांना म्हणाले, यातला सातवा भाग दाखवा. हेडमास्तर सूक्ष्मदर्शकावर बराच वेळ वाकून राहिले.

"दिसून राह्यला साहेब. बारीक हाय, पन हाय."

साहेबांनी स्वतः पाहिलं आणि मास्तरांना विचारलं, भाग किती. मास्तरांनी सांगितलं, शाळेपुरते सहाच. मी सगळ्यांसमोर हसलो आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.

महिन्याभरात मास्तरांची बदली मानोऱ्याला झाली. कोणी करवली हे सांगायला नको. शेवटच्या दिवशी हेडमास्तर त्यांच्या खोलीवर आले. सातवा भाग ही तुमच्या हातची चूक होती एवढं साहेबांना लिहून द्या, नवीन आवृत्तीवर तुमचंच नाव टाकतो, म्हणाले. मला वाटलं, मास्तर आता विरघळणार. इतकी वर्षं ते याचसाठी झुरत होते.

मास्तर वळकटीची दोरी आवळत राहिले.

"मायं नाव राहू द्या बाजूले, हेडमास्तर," ते म्हणाले. "त्या सातव्या भागात तुमचा फोटो हाय. तो मी कायले पुसू?"